अडले तर विचारावे कोणाला?



या सदरात आपण एरवी पिकापाण्याचे बोलतो. आजचा विषय जरा दूरचा आहे. पण गुरे कितीही लांब चरायला गेली तरी दिवस मावळता गोठ्याकडे वळतात, तसे आपणही फिरून आपल्याच बांधावर येणार आहोत. तेव्हा पान उलटू नका.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी जी मंडळी असतात, त्यांना काम करताना अडले म्हणजे ती कोणाला विचारतात, आणि विचारणाऱ्याला तेथे कशी वागणूक मिळते, याविषयी आज सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, याच्याशी आमचा काय संबंध? संबंध दुहेरी आहे. एक तर पुतण्या म्हणा, भाची म्हणा, आपल्या नात्यातले कोणी ना कोणी पुण्याला, नाशकाला किंवा नागपूरला संगणकाचे शिकते आहे. पोर मराठी शाळेतून गेलेले असते. वर्गात विचारायला लाजते, आणि घरी फोन केला तर आपल्याला त्यातले काही कळत नाही. दुसरे असे, की आता हाताहातांत मोबाईल आले आणि द्राक्षाचा, कांद्याचा, दुधाच्या धंद्याचा असे व्हॉट्सअ‍ॅपचे गट गावोगाव झाले. या गटांत आज जे चालले आहे ते प्रोग्रामवाल्यांच्या जगात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच होऊन गेले. त्यांनी ठेचा खाल्ल्या, काही गोष्टी सुधारल्या, काही अजून सुधारल्या नाहीत. त्यांच्या ठेचा आपल्या उपयोगी पडल्या तर बरेच आहे.

आधी प्रोग्राम म्हणजे काय ते पाहू. संगणक हा सांगितलेले तंतोतंत करणारा, पण स्वतःचे डोके मुळीच न चालवणारा गडी आहे. दूध संकलन केंद्रावर गाय की म्हैस, फॅट किती, लिटर किती, एवढे भरले की पावती बाहेर येते. त्या यंत्राच्या पोटात कोणीतरी आधीच ओळीओळीने लिहून ठेवलेले असते, की फॅट इतके असेल तर दर इतका धर, लिटरने गुण, मागची बाकी मिळव आणि छाप. या लिखाणाला प्रोग्राम म्हणायचे. त्यात एखादे चिन्ह चुकले, एखादा कंस मिटायचा राहिला, तरी सगळे काम अडून बसते. बरे, चूक कोठे आहे ते लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. रात्रभर डोळे फोडले तरी दिसत नाही, आणि शेजारचा सहज वाकून पाहतो तर त्याला दोन मिनिटांत दिसते. म्हणून या धंद्यात विचारल्यावाचून कोणाचेच चालत नाही. वीस वर्षे काम केलेला माणूसही विचारतो.

विचारायचे कोणाला? शेजारी जाणकार बसलेला असेल असे नाही. म्हणून या लोकांनी इंटरनेटवर मदतीच्या चावड्या उभ्या केल्या. कोणी कोठूनही प्रश्न लिहावा आणि ज्याला येत असेल त्याने उत्तर द्यावे. अर्जेंटिनातल्या पोराला कोरियातला माणूस उत्तर देतो. उत्तर देणाऱ्याला पगार नाही की मानधन नाही. परस्परांना सावड करण्याचीच ही रीत, फक्त सावडीत माणूस ओळखीचा असतो आणि येथे त्याचे तोंडही दिसत नाही.

तोंड दिसत नाही, हीच मोठी अडचण ठरली. समोरासमोर जे शब्द माणूस उच्चारणार नाही ते तो पडद्याआडून बिनदिक्कत लिहितो. जुन्या चावड्यांवर नवख्याने साधा प्रश्न विचारला की उत्तर यायचे, “आधी पुस्तक वाच आणि मग ये.” सोबत एखादी शिवी. जाणकारांचेही अगदीच खोटे नव्हते. तोच प्रश्न शंभराव्यांदा आला की माणूस वैतागतो. एरिक रेमंड आणि रिक मोएन या दोघा अमेरिकन जाणकारांनी २००१ साली, प्रश्न शहाणपणाने कसा विचारावा, यावर एक लांबलचक टिपण लिहिले. ते फार गाजले. आधी स्वतः शोधा, काय काय करून पाहिले ते सांगा, दिसते ते सांगा आणि तुमचा अंदाज बाजूला ठेवा, प्रश्न सुटला की कसा सुटला ते परत येऊन कळवा, असा त्यातला उपदेश आहे. उपदेश सोळा आणे खरा आहे आणि पुढे आपण त्याचा उपयोगही करणार आहोत. पण त्याचा सूर कडक होता. शिवाय शहाणपणाचे सगळे ओझे विचारणाऱ्याच्याच डोक्यावर ठेवलेले होते. उत्तर देणाऱ्याने कसे वागावे यावर त्यात थोडे आहे, पण लोकांनी तेवढे नेमके सोडून दिले आणि टिपणाचा उपयोग नवख्याच्या तोंडावर फेकण्यासाठी केला.

याच सुमारास एका बाईंनी निराळी वाट धरली. त्यांचे नाव कॅथी सिएरा. जावा नावाची प्रोग्रामची एक भाषा आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती १९९५ साली बाहेर आणली. कॅथीबाई जावा शिकवायच्या. शिकणाऱ्यांची कुचंबणा त्यांनी जवळून पाहिली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नवख्यांसाठी इंटरनेटवर एक जागा उघडली आणि तिला नाव दिले ‘जावारँच’. रँच म्हणजे अमेरिकेतला गुराढोरांचा मोठा मळा. तेथे सगळी भाषा मळ्याचीच. नव्याने आलेला तो ‘ग्रीनहॉर्न’, म्हणजे ज्याची शिंगे अजून कोवळी आहेत असे वासरू. थोडा रुळला की तो मळ्यावरचा गडी. शिस्त पाहणारे ते ‘शेरीफ’ आणि ‘बारटेंडर’. हा सगळा थट्टेचा मामला होता, पण त्याने एक काम मोठे केले. आपण कोवळ्या शिंगाचे आहोत हे सांगण्यात कोणाला लाज वाटेनाशी झाली. पाटीच तशी लावलेली होती.

या मळ्याचा पहिला नियम दोनच शब्दांचा होता, ‘चांगले वागा’. आणि तो कागदावर राहिला नाही. कोणी कितीही मोठा जाणकार असो, नवख्याला टोचून बोलला की शिस्त पाहणारे मध्ये पडत.

येथे कोणी असे समजू नये, की चांगले वागणे म्हणजे मागेल ते आयते हातावर ठेवणे. त्या मळ्यावर कॉलेजचा गृहपाठ करून मिळत नसे. “तातडीचे आहे, लवकर सांगा,” असे कोणी लिहिले तर त्याला गोड शब्दांत समजावले जाई, की बाबा, येथे सगळे आपापले काम सांभाळून फुकट मदत करणारे आहेत, तुझी घाई ती त्यांची घाई नव्हे. तू स्वतः काय प्रयत्न केलास ते दाखव, मग पुढचे बोलू. पुष्कळदा उत्तराऐवजी उलट प्रश्नच येत, म्हणजे शिकणाऱ्याला स्वतःच्या पायाने जावे लागे. हे सगळे कडकच होते, पण त्यात अपमान नव्हता. आपल्याकडे अनेकांना वाटते, की शिस्त लावायची तर आवाज चढवलाच पाहिजे. मला ते कधी पटलेले नाही.

पुढे या मळ्याचा कारभार पॉल व्हीटन या गृहस्थांकडे आला आणि नाव बदलून ‘कोडरँच’ झाले. हे व्हीटन अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात राहतात, आणि गंमत अशी, की त्यांचा दुसरा नाद शेतीचा. बारमाही झाडांच्या आधाराने, निसर्गाच्या कलाने शेती करणाऱ्यांसाठीही त्यांनी तशीच एक मोठी चावडी चालवली आहे. तिचे नाव ‘पर्मीज’. तेथेही तीच रीत. तुझी पद्धत काय ती सांग, पण दुसऱ्याची पद्धत मूर्खपणाची आहे असे लिहिशील तर ते काढून टाकले जाईल. सेंद्रियवाले आणि रासायनिकवाले एका गटात आले की आपल्याकडे काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे.

आता कॅथीबाईंच्या म्हणण्यातला सगळ्यांत मोलाचा भाग सांगतो. २००६ साली त्यांनी याविषयी सविस्तर लिहिले. ‘कोणताही प्रश्न खुळा नसतो’ असे सगळेच म्हणतात. त्या म्हणाल्या, तेवढ्याने भागत नाही. कोणतेही उत्तर खुळे नसते, असेही तेथे वातावरण पाहिजे. का? तर मदतीच्या कोणत्याही जागेत विचारणारे पुष्कळ आणि सांगणारे मूठभर असतात. ते मूठभर एक दिवस थकतात आणि जागा ओस पडते. ती टिकायची तर कालच्या विचारणाऱ्याने आज दुसऱ्याला सांगू लागले पाहिजे. पण तो भीत भीत पहिले उत्तर देतो, ते अर्धवट असते, आणि लगेच एखादा पंडित त्याच्यावर तुटून पडतो, “येत नाही तर बोलतोस कशाला?” झाले, तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून नवख्याला लवकरात लवकर उत्तर द्यायला लावा, चुकले तर सांभाळून दुरुस्त करा, असे त्यांचे सांगणे होते. आणि नवशिका काही बाबतींत जाणकारापेक्षा चांगले सांगतो, हेही खरेच आहे. गेल्या महिन्यात तो स्वतः तेथेच अडलेला असतो, पाय कोठे घसरतो ते त्याच्या ध्यानात ताजे असते. जाणकार ते केव्हाच विसरलेला असतो.

हे वाचताना मला आपली शेतीशाळा आठवली. शेतीशाळेची कल्पना १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांच्या निमित्ताने निघाली. जागतिक अन्न व कृषी संघटनेने तिला हात दिला आणि तेथून ती आपल्याकडेही आली. तिचे मर्मही हेच आहे. आम्ही खात्याची माणसे फळ्यापुढे उभे राहून भाषण ठोकायचे नाही. शेतकऱ्यांनी गटागटाने शेतात शिरायचे, झाडे मोजायची, किडी आणि मित्रकीटक मोजायचे, कागदावर चित्र काढायचे आणि आपले आपणच मांडायचे. एखादी बाई आधी पदराआड बोलते, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला तीच चित्र हातात धरून इतरांना समजावते. मात्र तोवर गटातल्या कोणी तिला हसलेले नसले पाहिजे. एकदा जरी हसला, तर पुढच्या आठवड्याला ती येत नाही आणि तिच्या बांधावरचे आपल्याला काही कळत नाही. बायका शेतात अधिक वेळ असतात, रोग-कीड आधी त्यांना दिसते. तेव्हा नुकसान तिचे एकटीचे नव्हे.

कॅथीबाईंची पुढची हकीकत मात्र मन विषण्ण करणारी आहे. ज्या बाईंनी चांगले वागा म्हणून एवढी मोठी जागा उभी केली, त्यांनाच २००७ च्या मार्च महिन्यात इंटरनेटवरून जिवाच्या धमक्या आल्या, घाणेरडी चित्रे आली. एका मोठ्या परिषदेत त्यांचे भाषण ठरले होते, ते त्यांनी रद्द केले. त्या घराबाहेर पडायला भ्याल्या आणि इंटरनेटवरचे आपले लेखन त्यांनी थांबवले. त्यांनी कोणाचे काय वाकडे केले होते? काही नाही. यावरून असे दिसते, की एका मळ्याला कुंपण घातले म्हणून सगळे रान सुधारत नाही. आपल्या मुली या क्षेत्रात जातात तेव्हा त्यांना अभ्यासाखेरीज हेही सोसावे लागते, हे आईबापांनी जाणून असावे. पोरगी गप्प गप्प वाटली तर नुसते “मार्क किती पडले” एवढेच विचारू नये.

त्यानंतर २००८ साली जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की या दोघांनी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ नावाची जागा काढली. प्रोग्राम लिहिणाऱ्या जगातल्या जवळपास प्रत्येकाने तिचा आधार घेतला आहे. तुमच्या मुलाला विचारा, तो लगेच ओळखेल. येथे गुणांची पद्धत आहे. उत्तर लोकांना आवडले की दहा गुण, विचारणाऱ्याने ते मान्य केले की आणखी पंधरा, आणि नावडले तर दोन गुण वजा. त्यामुळे चांगले उत्तर वर चढते आणि वाईट खाली जाते. कामाची सोय फार झाली, यात वाद नाही.

पण येथे हेतू निराळा होता, तो समजून घेतला पाहिजे. जावारँचला समोर बसलेल्या एका माणसाला शिकवायचे होते. स्टॅक ओव्हरफ्लोला उत्तरांचे कोठार भरायचे होते, म्हणजे एकाने विचारलेले पुढच्या हजारांना शोधले की सापडावे. कोठारात निवडून पाखडूनच माल भरावा लागतो. म्हणून तोच प्रश्न पुन्हा आला की बंद, प्रश्न मोघम असला की बंद. कोठाराच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण पहिल्यांदाच धीर करून विचारणाऱ्या पोराला काय वाटत असेल? त्याने मोडक्या इंग्रजीत दोन तास खपून प्रश्न लिहिला, आणि पाच मिनिटांत त्याचे गुण उणे झाले व प्रश्नाला कुलूप लागले. आपण बी पाखडताना हलके दाणे वाऱ्यावर सोडतो, ते ठीक आहे. माणसांना ती रीत लावली म्हणजे चांगले बीसुद्धा उडून जाते.

२०१८ च्या एप्रिलमध्ये त्या कंपनीच्याच जे हॅनलन या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे लिहिले, की आमच्याकडे येणाऱ्यांना आपुलकीची वागणूक मिळत नाही, नवख्यांना, स्त्रियांना आणि गोऱ्यांहून वेगळ्या वर्णाच्या लोकांना तर विशेष करून नाही. हे लिहायला छाती लागते. त्याच वर्षी त्यांनी वागणुकीचे नियम नव्याने लिहिले, आणि नवीन माणसाच्या प्रश्नाशेजारी ‘हा नवा आहे, जरा सांभाळून घ्या’ अशी खूण दिसू लागली. २०१९ साली चांगल्या प्रश्नाचे गुणही चांगल्या उत्तराइतकेच, म्हणजे पाचाचे दहा केले. मला ही शेवटची सुधारणा फार आवडली. नेमका प्रश्न विचारणे हेसुद्धा काम आहे आणि त्याला दाम मिळाला पाहिजे. ही चावडी पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी भाषांतही उघडली गेली. मराठीत नाही.

याच २०१८ सालची आणखी एक गोष्ट. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाईलच्या मुळाशी ‘लिनक्स’ नावाचा प्रोग्राम असतो. फिनलंडच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला, आणि तेव्हा त्याने इतरांना विचारले होते, की यात तुम्हाला काय काय हवे ते सांगा. पुढे तो जगातला फार मोठा माणूस झाला आणि कामात चूक करणाऱ्यांना जाहीरपणे वाटेल ते बोलण्याबद्दल त्याची ख्याती पसरली. त्याची हुशारी पाहून लोक सोसत राहिले, काही सोडून गेले. २०१८ च्या सप्टेंबरात त्याने आपल्या तशा वागण्याबद्दल सगळ्यांची क्षमा मागितली, काही दिवस कामातून रजा घेतली आणि ऑक्टोबरात परत आला. लिनक्सचे काम त्यावाचून थांबले नाही. “तो तोंडाचा फटकळ आहे, पण कामाला वाघ आहे,” असे म्हणून आपण गावात किती जणांना पाठीशी घालतो!

न्यूयॉर्क शहरात रिकर्स सेंटर म्हणून एक ठिकाण आहे. प्रोग्राम लिहिणारे तेथे काही आठवडे एकत्र राबून एकमेकांपासून शिकतात. २०११ साली ते सुरू झाले. तेथे वागण्याचे चार छोटे नियम आहेत. त्यातला पहिलाच असा, की खोटे आश्चर्य दाखवायचे नाही. म्हणजे कोणी म्हणाला, मला अमुक माहीत नाही, तर “काय! तुला एवढेही माहीत नाही?” असे म्हणायचे नाही. दुसरा असा, की मूळ मुद्द्याशी संबंध नसलेली बारीकशी चूक काढून मध्येच तोंड घालायचे नाही. तिसरा, दोघे जण काही सोडवत बसले असतील तर लांबून फुकटचा सल्ला फेकायचा नाही, सांगायचे तर जवळ येऊन नीट बसून सांगा. चौथा स्त्रिया, परदेशी किंवा निराळ्या वर्णाचे लोक यांना आडून टोमणे मारण्याविषयी आहे. हे चारही नियम आपल्या पारावर लिहून टांगावेत असे आहेत. पहिला तर माझ्या मते प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या दारावर पाहिजे. “अण्णा, एवढी वर्षे शेती करता आणि हे माहीत नाही?” असे गल्ल्यावरून एकदा ऐकले, की अण्णा पुढच्या वेळी काही विचारत नाहीत. दुकानदार देईल ती बाटली पिशवीत टाकतात आणि घरी येतात.

येथपर्यंत मी प्रोग्रामवाल्यांची री ओढत आलो. पण एका ठिकाणी त्यांची वाट आणि आपली वाट फुटते, आणि तेथे मी कॅथीबाईंचेही ऐकणार नाही. प्रोग्रामात चुकीचे उत्तर मिळाले तर फार तर एक संध्याकाळ वाया जाते. पुन्हा लिहायचे. शेतीत चुकीच्या उत्तराने हंगाम जातो, आणि औषधाच्या बाबतीत जीवही जातो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून मशागत, वाण, बाजारभाव, जनावराचा चारा यावर गटात ज्याला जे वाटते ते त्याने मोकळेपणी सांगावे. पण कोणते औषध, किती मात्रा, कशात कालवायचे, ही उत्तरे गटातल्या कोणाच्या ‘मी असे केले होते’ यावर घेऊ नयेत. ती कृषी विद्यापीठाची शिफारस आणि बाटलीवरचे लेबल पाहूनच घ्यावीत. गट चालवणाऱ्याने असे उत्तर आले तर ते मायेने, पण लगेच काढावे आणि का काढले ते लिहावे. माणसाला न दुखावता चूक काढता येते, हे त्या रँचवाल्यांनी दाखवून दिले आहेच.

आता विचारणाऱ्याकडे वळू. गटात रोज एक प्रश्न हमखास येतो, “सोयाबीन पिवळे पडले, काय फवारू?” सोबत लांबून काढलेला एक धुरकट फोटो. प्रोग्रामवाल्यांच्या चावडीवर याचा जुळा भाऊ असतो, “माझा प्रोग्राम चालत नाही, काय करू?” दोन्हींना उत्तर नाही. त्यांच्याकडे सांगतात, की अडलेला भाग तेवढा वेगळा काढ, बाकीचे सगळे काढून टाक, आणि चूक नेमकी कशी दिसते ते जसेच्या तसे दाखव. सोयाबीनचेही तसेच आहे. पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांवर आहे की खालच्या जुन्या? शिरा हिरव्या राहिल्या आहेत का? चुनखडीच्या जमिनीत किंवा पाणी साचल्यावर कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोहाच्या कमतरतेचा संशय घ्यावा. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राकडे पाहावे. पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे चट्टे असले तर तो पिवळा मोझॅक असू शकतो. तो विषाणूचा रोग पांढरी माशी पसरवते आणि रोगी झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही, ते उपटावे लागते. पाहा, तिन्हींचा रंग पिवळाच, उपाय मात्र तीन. तेव्हा वाण, पेरणीची तारीख, जमीन, शेवटचा पाऊस, काय घातले, काय फवारले, आणि पानाचा जवळून काढलेला फोटो, एवढे दिले की उत्तर देणाऱ्याला दिशा मिळते.

आणखी एक खोड दोन्हीकडे सारखी. माणूस मूळ दुखणे सांगत नाही, स्वतःच एक उपाय ठरवतो आणि त्या उपायातली अडचण विचारतो. “तुरीची फुले गळतात त्यावर सगळ्यांत जालीम टॉनिक कोणते?” टॉनिकवर मग पन्नास उत्तरे येतात. तुरीला पाण्याचा ताण किती दिवस होता, किंवा आभाळ कधीपासून भरलेले होते, हे कोणी विचारतच नाही. चांगला जाणकार आधी विचारतो, “दादा, मुळात झाले काय ते सांगा.” प्रश्नाला प्रश्नाने उत्तर दिले म्हणून रागावू नये.

आणि प्रश्न सुटला, की गटात येऊन कसा सुटला ते लिहावे. हे आपल्याकडे जवळजवळ कोणीच करत नाही. ज्यांनी उत्तर दिले त्यांना पत्ताच लागत नाही, की ते बरोबर निघाले की चूक.

शेवटी अलीकडचे थोडे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी नावाचे यंत्र आले आणि त्याच्यामागून तशीच आणखी. प्रश्न टाका, लगेच उत्तर मिळते. मराठीतही मिळते. स्टॅक ओव्हरफ्लोवर येणारे प्रश्न तेव्हापासून फार घटले. पोरे तेथून का गेली असतील? उत्तर चटकन मिळते हे तर आहेच, पण यंत्र हसत नाही, गुण वजा करत नाही, एकच गोष्ट दहा वेळा विचारली तरी चिडत नाही, हेही आहे. माणसांनी जी माया द्यायची ती यंत्राकडून मिळते म्हटल्यावर माणूस तिकडे जाणारच. मात्र हे यंत्र चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगते. म्हणून २०२२ च्या डिसेंबरातच स्टॅक ओव्हरफ्लोने यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरे आपल्याकडे टाकायला बंदी केली. आणि ही यंत्रे शिकली कशावरून? पुष्कळ अंशी माणसांनी फुकट लिहिलेल्या अशाच उत्तरांवरून. ती कंपनी २०२१ साली एक अब्ज ऐंशी कोटी डॉलरना विकली गेली होती. २०२४ साली तिने चॅटजीपीटीवाल्यांशी करार केला, तेव्हा काही जुन्या सभासदांनी रागाने आपली उत्तरे पुसायला घेतली आणि त्यांची खाती काही काळ बंद करण्यात आली. सावडीला आलेल्या माणसाच्या घामावर परस्पर सौदा झाला तर त्याला राग येणारच. मला त्यांचा राग समजतो. उत्तरे पुसणे मात्र पटत नाही, कारण त्यात नुकसान उद्या अडणाऱ्या पोराचे होते.

तुमच्या मुलाने किंवा मुलीने यंत्राला जरूर विचारावे, पण आलेले उत्तर चालवून पाहावे, आणि वर्गातल्या चार जणांचा एक गट करून आठवड्याला एकदा तरी तोंडी बोलावे. मराठीत बोलावे. प्रोग्राम इंग्रजी अक्षरांत लिहिला तरी तो समजायला मराठी चालते.

आणि शेतीत अडले, गटात विचारायला अवघड वाटले, तर किसान कॉल सेंटरचा फोन २००४ सालापासून चालू आहे. क्रमांक १८००-१८०-१५५१. पैसे लागत नाहीत. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीतून बोलता येते. फोन लावण्यापूर्वी पिकाचे नाव, वाण, पेरणीची तारीख आणि आतापर्यंत दिलेली खते-औषधे एका कागदावर लिहून समोर ठेवा, आणि पलीकडचा जे सांगेल ते लिहून घ्यायला पेन्सिलही जवळ असू द्या.